हळदीला वाजवायला पहिला डीजे कंट्रोलर कोणता घ्यावा? बजेट १५ हजार, लई ताणलं तर २०

दुधनाकाठ · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातला, परभणीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोरल्या चुलत्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. चार टॉप, चार बेस, एक जुना मिक्सर आणि जनरेटर, एवढाच पसारा. लग्नसराईत मी सोबत जातो, खुर्च्या उतरवण्यापासून गाणी लावण्यापर्यंत सगळं करतो. गाणी आतापर्यंत मोबाइलला ईपी जॅक (हेडफोनची बारकी पिन) लावूनच. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत दोन-तीन सेकंद शांतता पडते आणि तेवढ्यात नवरदेवाचा मामा ओरडतो, "ए डीजे, झोपला का रं?" मागच्या महिन्यात तर हळद ऐन रंगात आलेली आणि मोबाइलवर चुलतीचा फोन आला. रिंगटोन चारही बेसवर वाजली. अख्खा मांडव हसला.

आमच्याकडं डीजे म्हणजे ४०७ टेम्पोवर रचलेले बेस. वाजवणाऱ्या माणसाला ऑपरेटर म्हणतात. मला ते दोन गाणी एकात एक मिसळून वाजवणं शिकायचंय, अन् त्यासाठी लॅपटॉपला जोडायचं यंत्र, म्हणजे कंट्रोलर, घ्यायचाय.

सोयाबीनचे पैसे आलेत. वडील म्हणाले, पंधराचं घे, वरचे तुझे तू बघ. नेटवर बघून तीन नावं काढलीत: पायोनियरचा डीडीजे-२००, न्यूमार्कचा पार्टी मिक्स आणि हर्क्युलिसचा इनपल्स २०० एमके२. पायोनियरचाच एफएलएक्स४ पण बघितला, पण तो तिशीच्या घरात जायला. लॅपटॉप भावाचा, आय३, ४ जीबी रॅम. कोणता घेऊ? अन् "आधी पुण्याला कोर्स कर" असं कृपया सांगू नका.

मोंढा_नाका · सोमवार, रात्री ११:५२

एफएलएक्स४ घे. विषय संपला.

तिखटमीठ · मंगळवार, सकाळी ७:१५

विषय कसा संपला? पोरगं पंधरा म्हणायलं, तुम्ही तीस सांगायलात. वरचे पंधरा तुम्ही घालणार का?

दुधनाकाठ, मी अंबाजोगाईची. नोकरी वेगळी आहे, पण मैत्रिणींच्या संगीताला, मेंदीला मीच वाजवते, आता पाच वर्षं झाली. तुला आधी एक काम सांगते. काहीच विकत घेऊ नको. भावाच्या लॅपटॉपवर मिक्स्स नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घे. पूर्ण फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. कीबोर्डवर दोन डेक (एकेक गाणं वाजवायच्या दोन बाजू) चालवता येतात. पंधरा दिवस रोज एक तास बस. दोन गाणी घे आणि ती एकमेकांवर बसव. पंधरा दिवसांनी कंटाळा आला तर सोयाबीनचे पैसे वाचले. नाही आला तर तुला कळलेलं असेल की कीबोर्डवर नेमकं काय जमत नाही. ते ज्यात जमतं तो कंट्रोलर घ्यायचा.

एक मात्र कर. शिकताना ब्लूटूथ स्पीकर लावू नको. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो. हात एकीकडं, आवाज दुसरीकडं असं होतं आणि आपल्यालाच काही जमत नाही असं वाटायला लागतं. वायरीचा हेडफोन वापर.

गंजगोलाई · मंगळवार, सकाळी ९:३०

ताईंचं बरोबर आहे. आता माझं ऐका. लातुरात साउंडच्या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. दोन कॅसेट डेकवर लग्नं वाजवलीत, मग सीडी, मग लॅपटॉप. डावा कान अर्धा गेलाय, पण जेवढा राहिला तेवढा कामाचा आहे.

बेटा, कंट्रोलर बघताना वरचे दिवे बघू नको. तो उलटा कर आणि मागची भोकं मोज. पहिला प्रश्न, त्याच्या आत साउंड कार्ड आहे का? कंट्रोलर दोन आवाज वेगवेगळे काढतो. एक मास्टर, जो मिक्सरमध्ये जातो आणि मांडवातल्या लोकांना ऐकू येतो. दुसरा क्यू, जो फक्त तुझ्या हेडफोनमध्ये. पुढचं गाणं तू आधी कानात ऐकतो, जुळवतो आणि मग लोकांना सोडतो. ही सोय नसेल तर तो कंट्रोलर नाही, खेळणं आहे.

तू सांगितलेल्यात डीडीजे-२०० ला आत साउंड कार्ड नाही. त्याचा आवाज लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या भोकातून निघतो, आणि क्यू ऐकायचा असेल तर स्प्लिटर वायर लावावी लागते. स्प्लिटर काय करतो, तर स्टिरिओचे डावा-उजवा दोन भाग फोडतो. एक बाजू लोकांना, एक बाजू तुझ्या कानाला. म्हणजे दोन्हीकडं मोनो. घरी शिकायला चालेल. पण मांडवात ती नाजूक वायर कुणाच्या पायात अडकली की संपलं. माझ्या दुकानात एक पोरगा असलाच सेट घेऊन यायचा. वरातीत त्याची स्प्लिटर अर्धी निसटली आणि लोकांना मास्टरऐवजी क्यू ऐकू यायला लागला. पुढचं गाणं हळू-जोरात, पुढं-मागं सरकताना सगळ्या गावानं ऐकलं.

दुसरा प्रश्न, माइकचं भोक आहे का? आपल्याकडं हळदीला, वरातीला माइक लागतोच. "पाहुण्यांनी जेवून घ्यावे" हे कुणीतरी मधेच बोलणारच. तुझ्याकडं चुलत्याचा मिक्सर आहे, माइक त्यात लावता येईल, म्हणून तुझं अडणार नाही. ज्याच्याकडं नुसते पॉवर्ड स्पीकर आहेत त्यानं मात्र पी-३८ चं (जाड पिनेचं) माइक इनपुट बघूनच घ्यावं.

दुधनाकाठ · मंगळवार, दुपारी १:०५

काका, ताई, खूप धन्यवाद. काका, क्यूचं आज पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं डीजेवाले हेडफोन स्टाइल म्हणून एका कानाला लावतात.

वजिराबादी · मंगळवार, दुपारी १:२०

😂 अर्धे स्टाइल म्हणूनच लावतात भाऊ.

मी नांदेडचा. इकडची पोरं सामानासाठी थेट हैदराबादला कोटीत जातात, रात्री रेल्वेत बसलं की सकाळी तिथं. मी पण तसाच गेलतो. पार्टी मिक्सबद्दल सांगतो. आत साउंड कार्ड आहे, वर रंगीत दिवे आहेत, घरातल्या वाढदिवसाला एक नंबर. पण जॉग व्हील, म्हणजे गाणं हातानं पुढं-मागं करायच्या गोल चकत्या, बारकी. माझ्या बोटात ती बसायचीच नाहीत. सहा महिन्यांत भाच्याला देऊन टाकला, तो खुश आहे.

आणि हळदीला वाजवणार असशील तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. हळद. माझा दुसरा कंट्रोलर, नाव घेत नाही, चांगला होता. नवरीच्या भावानं हळदीचं पातेलं घेऊन माझ्यामागं पळायला सुरुवात केली, मी टेबलाखाली, अर्धं पातेलं कंट्रोलरवर. पुसला, वाळवला, वाजला पण. दुसऱ्या दिवशी क्रॉसफेडर (या गाण्यावरून त्या गाण्यावर जायची सरकपट्टी) सरकवला की खर्रर्र. फेडर उघडला तर आत पिवळा चिखल वाळून पापड झालेला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, ब्रश फिरवला, आठवडाभर चालला, परत तेच. शेवटी फेडरच बदलला. तेव्हापासून मी पुस्तकाला घालतो त्या जाड पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर बसवतो, जॉग आणि फेडरपुरतं कापून. दिसायला भिकार, पण आजपर्यंत टिकलाय.

पाटोद्याचा_पाहुणा · मंगळवार, दुपारी २:४५

हळदीचं +१. आणि भंडारा विसरू नका. जत्रेत भंडारा उधळला की तो हवेतच असतो अर्धा तास.

तिखटमीठ · मंगळवार, रात्री १०:१०

आता मुद्द्याचं. हे सगळे यूट्यूबवाले सिंक बटण दाबून दाखवतात, दोन गाणी झटक्यात जुळतात. ती गाणी कंप्युटरवर बनवलेली असतात. त्यांचा ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत एका मापाचा. मिनिटाला १२८ ठोके म्हणजे १२८च.

आपली हळदीची गाणी घे. जुनी कोळीगीतं, लावण्या, भीमगीतं, गोंधळाची गाणी. ढोलकी, हलगी, संबळ माणसानं हातानं वाजवलेली. ढोलकीवाला कडव्यात शांत असतो, धृपदाला आला की चढतो. मी एका जुन्या लावणीचं माप घेतलं होतं, सुरुवातीला १०२ आणि शेवटी १०९. सॉफ्टवेअर सरासरी काढून १०५ लिहितं आणि सगळ्या गाण्यावर सरळ रेघा मारून ठेवतं. म्हणजे सुरुवातीला रेघ पुढं, शेवटी मागं. त्यावर सिंक दाबलं की दोन गाणी एकमेकांच्या पायावर पाय देत चालतात. वर दादऱ्यात बसलेलं गाणं असेल तर सहा मात्रांचा खेळ, आणि सॉफ्टवेअर चार-चार मोजत बसतं. कधी ७० चं गाणं १४० म्हणून दाखवतं.

फरक किती बारीक असतो ते बघ. एक गाणं १०० चं, दुसरं १०१ चं. एका ठोक्याला फरक सहा मिलिसेकंदांचा, म्हणजे काहीच नाही. पण अर्ध्या मिनिटात पन्नास ठोके होतात आणि तेवढ्यात दुसरं गाणं अर्धा ठोका पुढं गेलेलं असतं. ढोलकीवर ढोलकी, अन् दोन्ही वेगळ्या. नाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण पाय थांबतो.

म्हणून हात लागतो. जॉगच्या कडेला बोट लावून थोडं ढकलायचं, थोडं धरायचं. ढकललं की गाणं क्षणभर पळतं, सोडलं की परत आपल्या चालीवर. याच कामासाठी जॉग मोठी आणि टेम्पोचा (वेगाचा) स्लायडर लांब पाहिजे. आपली गाणी वाजवायची असतील तर पैसे इथं घाल. पॅडचे रंग, आतले सॅम्पल, हवेतून आवाज बदलायचं असलं काहीतरी, त्याला एक रुपया देऊ नको.

मोंढा_नाका · मंगळवार, रात्री १०:४८

ताई, "विषय संपला" हे शब्द मागे घेतो.

मी संभाजीनगरात हॉटेलच्या कार्यक्रमांना वाजवतो, तिथं सगळं कंप्युटरी संगीत, म्हणून माझ्या डोक्यात सिंकच होतं. स्लायडरचं गणित मी पण मांडून बघितलं. साधारण सगळीकडं टेम्पो उणे ८ ते अधिक ८ टक्के असतो. १०० चं गाणं ९२ ते १०८. स्लायडर ६ सेंटिमीटरचा असेल तर एक मिलिमीटर सरकवला की पाव बीपीएमहून (मिनिटाला ठोके) जास्त हलतो. १० सेंटिमीटरचा असेल तर तेवढ्याच सरकवण्यात फरक बराच कमी, ०.१६. बारक्या स्लायडरवर नेमकं माप पकडणं म्हणजे सुईत दोरा ओवणं.

तरी एफएलएक्स४ चं चांगलं सांगतोच. जानेवारी २०२३ मध्ये डीडीजे-४०० च्या जागी आला. आत साउंड कार्ड, मागं मिक्सरला जोडायचं आरसीए, माइकला मोठं भोक, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो लाइट या दोन्ही सॉफ्टवेअरवर चालतो, आणि त्याची मांडणी मोठ्या क्लबच्या सेटसारखी आहे. पुढं हॉटेलात वाजवायचं असेल तर हात आधीच बसलेला असतो. हळदीपुरतं म्हणाल तर न्यूमार्क मिक्सट्रॅक प्रो एफएक्स बघ. जॉग ६ इंची, टेम्पोचा स्लायडर लांब. नवा तुझ्या बजेटबाहेर जाईल, जुना मिळेल.

इनपल्स २०० बद्दल: त्यावर गाणं जुळवायला बाणाचे दिवे आहेत. जॉग कुठल्या बाजूला ढकलायची, वेग वाढवायचा की कमी करायचा, ते दाखवतात. नवख्याला छान. पण ते दिवे सॉफ्टवेअरच्याच रेघांवर चालतात. ताईंच्या लावणीत ते पण फसणार.

एक बघून घे. स्वस्तातल्या काही यंत्रांवर हाय, मिड, लो असे तीन वेगळे नॉब नसतात, बेस आणि फिल्टर एवढंच देतात. दोन ढोलक्या एकत्र आल्या की एकीचा लो काढायचा असतो. तीन नॉब असलेलाच घे.

वजिराबादी · बुधवार, सकाळी ८:०५

ताई, पण मग लावणीतून बाहेर कसं पडायचं? शेवटी १०९ ला गेलेली असती आणि पुढचं गाणं १२० चं. मी तर सरळ बंद करतो आणि पुढचं चालू करतो.

तिखटमीठ · बुधवार, सकाळी ८:४०

लांब मिसळायचा हट्ट करूच नको. धृपदाच्या समेवर येऊ दे, तिथं एको टाक, लावणी एकोत विरू दे आणि पुढचं गाणं हॉट क्यूवरून बरोबर पहिल्या ठोक्यावर सोड. हॉट क्यू म्हणजे गाण्यात आधी मारून ठेवलेली खूण, पॅड दाबलं की तिथूनच सुरू. मी मुखड्याच्या आधीच्या हलगीवर एक खूण आणि पहिल्या कडव्यावर एक, अशा दोन तरी खुणा प्रत्येक गाण्याला मारते. दुसरी युक्ती, निव्वळ हलगीचा एक सरळ मापातला तुकडा चार ठोक्यांच्या लूपमध्ये ठेवायचा. लावणी संपता संपता तो खालून चढवायचा, मग लूपचा वेग हळूहळू वाढवायचा आणि त्यावर पुढचं गाणं. लोकांना वाटतं मांडवात हलगीवाला आलाय. खरा हलगीवाला असेल तर मात्र गप्प बसायचं, त्याच्या हाताशी स्पर्धा नको.

पाटोद्याचा_पाहुणा · बुधवार, सकाळी ११:३०

जुना घेणाऱ्यांसाठी माझी फजिती. मी एका अॅपवर बघून जुना कंट्रोलर घेतला. विकणाऱ्यानं व्हिडिओ पाठवला, सगळं वाजतंय. घरी आणून लावला, तर उजव्या डेकची डावी बाजू बंद. फोन केला तर नंबर बंद. व्हिडिओत त्यानं उजवा डेक वाजवलाच नव्हता, हे मी नंतर चारदा बघून ओळखलं.

तेव्हापासून जुना माल बघायला जातो तर लॅपटॉप सोबत घेऊन जातो. दोन्ही चॅनल, दोन्ही कान. प्रत्येक फेडर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवायचा आणि स्क्रीनवर तो पण तसाच सावकाश सरकतो का बघायचं. मधेच उडी मारत असेल तर आत झिजलाय. जॉगवर वरून नुसता हात ठेवून गाणं थांबतं का बघायचं. हेडफोनचा नॉब फिरवताना खरखर ऐकायची. यूएसबीची वायर थोडी हलवायची, तेवढ्यानं संपर्क तुटत असेल तर उठून चालू लागायचं, कितीही स्वस्त असला तरी. बिल मागायचंच.

तुळशीवृंदावन · बुधवार, दुपारी १२:१५

सगळे कौतुकानं शिकवायलेत, पण गावात या डीजेनं म्हाताऱ्या माणसांची झोप उडवली त्याचं काय? आमच्या गल्लीत मागच्या वरातीत खिडकीच्या काचा थरथरायल्या. माझ्या सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे.

गंजगोलाई · बुधवार, दुपारी १:००

ताई, तुमचं खरं आहे आणि धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, आमची चूक आहे. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सणासुदीला रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात १५ दिवसांपुरतीच. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बेसच्या भिंतीपुढं ५५ म्हणजे चेष्टाच. दुधनाकाठ, दहा वाजले की फेडर खाली. यजमान कितीही म्हणू दे, "अजून एक". पोलीस आले की सामान तुझ्या चुलत्याचं जप्त होतं, यजमानाचं नाही.

कानाचं पण सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तू बेससमोर चार तास उभा राहणार. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात. मी घातले नाहीत, म्हणून माझ्या डाव्या बाजूनं बोललेलं मला ऐकू येत नाही, बायको म्हणते ते सोयीचंच आहे.

दुधनाकाठ · बुधवार, रात्री ११:२०

ताई (तुळशीवृंदावन), आमच्या चुलत्याला मी आज हे वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण ऐकलं.

मिक्स्स उतरवलं. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. दोन प्रश्न. एक, ४ जीबी रॅमवर लॅपटॉप अडकायला, मधेच आवाज तुटायला. दोन, कंट्रोलर घेतल्यावर मंडपात जनरेटरवर घूं आवाज येतो म्हणतात, खरं का?

मोंढा_नाका · गुरुवार, सकाळी १०:००

पहिल्याचं मी सांगतो. कंट्रोलरच्या बजेटमधून तीन-साडेतीन हजार काढून ठेव. एसएसडी टाक आणि रॅम ८ जीबी कर. एवढ्यानं जुना आय३ पण पळतो. गाणी इंटरनेटवरून वाजवू नको, लॅपटॉपमध्येच ठेव. वाजवताना वायफाय बंद, अपडेट बंद, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद, स्क्रीन झोपू देऊ नको. सॉफ्टवेअरमध्ये बफर (आवाज साठवून सोडायचं माप) ५१२ ठेव, म्हणजे ४४,१०० वर साधारण १२ मिलिसेकंदांचा उशीर. आवाज तुटला तर १०२४ कर, उशीर दुप्पट होईल पण हळदीला तेवढं चालतं. विंडोजवर कंपनीचा आवाजासाठीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकायला विसरू नको. आणि कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या भोकात लाव. स्वस्तातल्या हबमध्ये माउस, पेनड्राइव्ह आणि कंट्रोलर तिघांना एकत्र लावलं की कंट्रोलर उपाशी राहतो.

गाणी ३२० केबीपीएसची ठेव. व्हॉट्सॅपवर फिरून आलेलं गाणं मोबाइलवर बरं वाटतं, चार बेसवर डब्यात दगड हलवल्यासारखं.

गंजगोलाई · गुरुवार, दुपारी १२:३०

घूंचं मी सांगतो. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, मिक्सर आणि मशीन (अॅम्प्लिफायर) दुसऱ्या बोर्डावर, अर्थिंग दोन ठिकाणांहून. मग ऑडिओच्या वायरीतून करंटचा फेरा बसतो आणि तो घूं म्हणून ऐकू येतो. पहिली परीक्षा, चार्जर काढ. घूं गेला तर रोग कळला. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घे. तरी राहिला तर मधे डीआय बॉक्स किंवा ऑडिओ आयसोलेटर लाव, तो हा फेरा तोडतो. अर्थिंगची पिन तोडू नको. तोडणारे मी बघितलेत, पावसात मंडपाच्या पाइपला हात लावून झटका खाल्लेले पण बघितलेत.

कंट्रोलरचा आरसीए लांब ओढायचा नाही, तीन-चार मीटर फार झाले. मिक्सर लांब असेल तर डीआय बॉक्स कंट्रोलरजवळ ठेवायचा आणि तिथून पुढं तीन पिनांची कॅननची वायर.

अजून एक. कंट्रोलरवर लाल दिवा पेटला म्हणजे जोरात वाजतंय असं नाही, फाटतंय असा अर्थ. पोरांना लालच आवडतो. फाटलेला आवाज मशीनमधून गेला की टॉपचा डायफ्राम आधी जातो. हिरवा आणि पिवळ्याची सुरुवात, तिथं ठेव. आवाज वाढवायचा असेल तर मिक्सरवर वाढव.

वजिराबादी · गुरुवार, दुपारी १२:४१

काका, हॉटेलवाले गाण्यांचा परवाना मागतात, लग्नाला पण लागतो का?

मोंढा_नाका · गुरुवार, दुपारी १:१५

हॉटेल, पबला लागतो. लग्नाचं कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये वेगळं दिलंय. धार्मिक विधीत गाणी वाजवली तर ते उल्लंघन नाही आणि त्यात वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही धरलेत. पण तोच हॉल नववर्षाच्या तिकिटाच्या कार्यक्रमाला घेतला तर ती सवलत नाही.

दुधनाकाठ · सात आठवड्यांनी, रविवार, सकाळी ६:५०

मंडळी, परत आलो. धागा वर काढतो.

पंधरा दिवस म्हणता म्हणता मिक्स्सवर महिना घालवला. ताई, तुम्ही बरोबर होता, कीबोर्डवर ढकलणं जमतच नाही, बटण दाबलं की गाणं उडीच मारतं. मग पुण्याला एका हॉस्टेलच्या पोराकडं जुना मिक्सट्रॅक प्रो एफएक्स मिळाला, १४ हजार ५००. लॅपटॉप घेऊन गेलो, पाटोद्याच्या भाऊंनी सांगितलं तसा एकेक फेडर सरकवला. तो पोरगा वैतागला, "भाऊ, घ्यायचाय का एक्स-रे काढायचाय?" बिल होतं. एसएसडी आणि रॅमला ३,४००. वडिलांना हिशेब दाखवला, वरचे २,९०० माझे.

काल पहिली हळद वाजवली, बोरीजवळ. कव्हर बसवलं होतं, वजिराबादी भाऊ, चारदा हळद पडली. एकदा ताक पण. क्यूमध्ये पुढचं गाणं ऐकताना पहिल्यांदा वाटलं की मांडवात कुणालाच माहीत नाही असं काहीतरी मला माहीत आहे. एका लावणीत तुमच्यासारखीच गत, धृपदाला ढोलकी पळाली. जॉगच्या कडेला बोट लावून ढकलत राहिलो, सगळा वेळ, घामानं बोट घसरायलं. बरोबर बसलं नाही, पण पाय थांबले नाहीत कुणाचे. एकदा चुकून दोन्ही गाणी एकाच वेळी पूर्ण सोडली. नवरदेवाचा मामा हजर होताच.

दहाला पाच कमी असताना फेडर खाली घेतला. चुलत्यांनीच खूण केली.

आता अडचण. मिक्सर काल टेबलापासून बारा मीटरवर होता आणि डीआय बॉक्स नाही, आरसीए लांब ओढला, घूं आलाच. परवा जिंतूर रोडला वरात आहे. परभणीत आज रविवार, दुकानं बंद. कुणाकडं डीआय बॉक्स आणि कॅननची वायर दोन दिवसांपुरती मिळेल का?

गंजगोलाई · रविवार, सकाळी ७:२०

माझ्याकडं एक जास्तीचा आहे. दहाच्या एसटीत पार्सल टाकतो, परभणी स्टँडवर संध्याकाळी घे. पावतीचा नंबर तुला मेसेज करतो. बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओच्या वायरीतला अर्थ सोडवायचं, बारकं बटण आहे, घूं आला तर ते दाबून बघ. बटण जरा ढिलं आहे, नखानं दाब.

वजिराबादी · रविवार, सकाळी ७:३४

ताक कुठल्या नॉबवर पडलं? लगेच पुस, ताकाचा वास महिनाभर जात नाही.